ज्या दोहात वर्ल्ड कपचं स्वप्न मोडलं, त्याच दोहात जर्मनी-स्पेनला हरवलं: जपानचे कोच हाजिमे मोरियासू कोण आहेत?

२०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधला एक फोटो तुमच्याही टाइमलाइनवर येऊन गेला असेल. कतारमधलं एक स्टेडियम, प्री-क्वार्टर फायनल हरलेली जपानची टीम आणि जपानी प्रेक्षकांच्या स्टँडसमोर एकटाच उभा राहून कमरेत खोल वाकलेला सूटमधला एक माणूस. पाठिंब्यासाठी प्रेक्षकांचे आभार मानणारा हा माणूस म्हणजे जपानचे कोच हाजिमे मोरियासू.

त्याच स्पर्धेत त्यांच्या हातातली छोटी वहीसुद्धा व्हायरल झाली होती. जपानने जर्मनीला हरवलं आणि सोशल मीडियावर मीम्स सुरू झाले की, ही साधी वही नाही, ही 'डेथ नोट' आहे. ज्याचं नाव यात लिहिलं जातं, त्याचा खेळ खल्लास! प्रत्यक्षात ती सामन्यादरम्यान नोंदी करायची साधी वही होती आणि मोरियासू ती कित्येक वर्षं वापरत होते.

मात्र याच माणसाला हटवा म्हणून जपानमध्ये हॅशटॅग चालले होते, तेही एकदा नाही तर अनेकदा. खेळाडू म्हणून वर्ल्ड कपचं दार त्यांच्या तोंडावर शेवटच्या मिनिटाला बंद झालं होतं, आणि तेसुद्धा याच दोहा शहरात. जपानच्या फुटबॉलने शेवटच्या मिनिटांना घाबरणं कसं कमी केलं, हे समजून घ्यायचं असेल तर मोरियासूंचं करिअर पाहावं लागतं.

एका नजरेत मोरियासू

- जन्म: २३ ऑगस्ट १९६८, शिझुओका प्रांत. लहानपण नागासाकीत.
- खेळायची जागा: डिफेन्सिव्ह मिडफिल्डर.
- क्लब: माझदा (नंतरचा सानफ्रेच्चे हिरोशिमा), क्योतो पर्पल सांगा, वेगाल्ता सेंदाई.
- जपानकडून: ३५ सामने, १ गोल.
- कोच म्हणून: सानफ्रेच्चे हिरोशिमासोबत २०१२, २०१३ आणि २०१५ अशी जे-लीगची तीन विजेतेपदं. जुलै २०१८ पासून जपानच्या राष्ट्रीय संघाचे कोच.

सहावा नंबर आणि ट्रान्सपोर्ट कंपनीतली नोकरी

मोरियासू शाळेत असताना जपानमध्ये प्रोफेशनल फुटबॉल लीगच नव्हती. बेसबॉल हा तिथला मोठा खेळ. फुटबॉल खेळायचं तर एखाद्या कंपनीच्या टीममध्ये जायचं, कंपनीत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात खेळायचं, अशी पद्धत होती. म्हणजे आपल्याकडे रेल्वे किंवा बँकांच्या टीम असायच्या, साधारण तसंच.

नागासाकीतून शाळा संपवून निघालेल्या मोरियासूंना हिरोशिमातल्या माझदा या गाड्यांच्या कंपनीच्या टीममध्ये जायचं होतं. पण १९८७ साली माझदाकडे नव्या खेळाडूंसाठी पाच जागा होत्या आणि मोरियासू होते सहावे. त्यामुळे त्यांना थेट माझदात न घेता माझदा ट्रान्सपोर्ट या उपकंपनीत नोकरी देण्यात आली. नाव घ्यावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. ना तुफान वेग, ना जबरदस्त शॉट, ना उंची.

पण दोन माणसांना त्यांच्यात काहीतरी दिसलं. एक काझुओ इमानिशी, माझदाच्या फुटबॉल टीमचा कारभार पाहणारे. हे स्वतः हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून लहानपणी वाचलेले. दुसरे डच कोच हान्स ऑफ्ट, ज्यांना इमानिशींनीच माझदात आणलं होतं. चेंडू येण्याआधीच आजूबाजूला बघून ठेवायचं, प्रतिस्पर्ध्याचा पास कुठे जाणार ते ओळखायचं आणि चेंडू मिळाला की साध्या पासने तो सहकाऱ्याकडे द्यायचा, हे काम मोरियासू न थकता करायचे. टीव्हीवर ते दिसत नाही. टीममधून तो माणूस काढला की मात्र लगेच दिसतं.

'मोरी होइची कोण?'

१९९२ मध्ये हान्स ऑफ्ट जपानच्या राष्ट्रीय संघाचे कोच झाले आणि त्यांनी मोरियासूंना बोलावलं. यादी जाहीर झाली तेव्हा अनेकांना हे नाव वाचताही येईना. जपानीत एकच चित्राक्षर वेगवेगळ्या प्रकारे वाचता येतं. 'मोरियासू' हे दोन अक्षरांचं आडनाव आणि 'हाजिमे' हे एका अक्षराचं नाव. लोकांनी ते चुकीच्या ठिकाणी तोडून 'मोरी होइची' असं वाचलं. त्यावरून टोपणनाव पडलं 'पोइची'. ते आजही टिकून आहे.

मे १९९२ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध मोरियासूंनी पदार्पण केलं. जपान हरला, पण अवघ्या एका गोलने, आणि मोरियासूंची जागा पक्की झाली. ऑफ्टच्या टीमची रचना सोपी होती. पुढे गोल करायला काझुयोशी मिउरा, मधे खेळ रचायला ब्राझीलमध्ये जन्मलेला रुय रामोस आणि त्या रामोसच्या मागे झाडू मारायला मोरियासू. रामोस मोकळेपणाने खेळू शकायचा, कारण त्याच्या मागची जागा कुणीतरी सांभाळत होतं.

या जागेला ब्राझीलमध्ये 'वोलांते' म्हणतात. मूळ अर्थ गाडीचं स्टिअरिंग. जपानी उच्चारात त्याचं 'बोरांची' झालं. हा शब्द जपानच्या घराघरांत पोचला, त्यात मोरियासूंच्या खेळाचा मोठा वाटा मानला जातो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानने पहिल्यांदा एशियन कप जिंकला. फायनल होती हिरोशिमात, समोर सौदी अरेबिया, स्कोअर १-०. मे १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली आणि माझदाची टीम 'सानफ्रेच्चे हिरोशिमा' बनली. जपानीत 'सान' म्हणजे तीन आणि इटालियनमध्ये 'फ्रेच्चे' म्हणजे बाण. एक बाण सहज मोडतो, तीन एकत्र बांधले तर मोडत नाहीत, ही त्या भागातल्या एका जुन्या सरदाराची गोष्ट, तिच्यावरून हे नाव.

आता फक्त एक गोष्ट बाकी होती. जपान तोवर एकदाही वर्ल्ड कपला गेला नव्हता.

दोहा, २८ ऑक्टोबर १९९३

१९९४ च्या अमेरिकेतल्या वर्ल्ड कपसाठी आशियातून दोनच जागा होत्या. शेवटच्या फेरीत सहा टीम आणि सगळे सामने कतारची राजधानी दोहात. चार सामने झाल्यावर जपान पहिल्या नंबरवर होता. शेवटचा सामना इराकशी. जिंकलं की थेट अमेरिका.

पाचव्या मिनिटाला मिउराने गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये इराकने बरोबरी केली. ६९ व्या मिनिटाला मासाशी नाकायामाने जपानला पुन्हा २-१ असं पुढे नेलं. जपानमध्ये तेव्हा रात्र बरीच झाली होती, तरी देश जागा होता. सामना दाखवणाऱ्या टीव्ही टोकियोचं त्या रात्रीचं रेटिंग होतं ४८.१ टक्के.

नव्वद मिनिटं पूर्ण झाली आणि इराकला कॉर्नर मिळाला. इराकने तो थेट गोलसमोर न मारता छोटा पास देऊन घेतला. जपानचे खेळाडू क्षणभर गाफील राहिले. मग क्रॉस आला, हेडर झाला आणि चेंडू हळूच गोलमध्ये गेला. २-२.

शिट्टी वाजली तेव्हा जपानचे खेळाडू मैदानावर जिथे होते तिथेच कोसळले. त्याच वेळी दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाला ३-० ने हरवलं होतं. जपान आणि दक्षिण कोरियाचे गुण सारखेच, सहा-सहा. पण गोलफरकात कोरिया +५ आणि जपान +३. सौदी अरेबिया आणि कोरिया अमेरिकेला गेले, जपान घरी.

जपानमध्ये या रात्रीला 'दोहाची शोकांतिका' म्हणतात. जपानी माणसाला नुसतं 'दोहा' म्हटलं तरी पुरे, पुढचं सांगावं लागत नाही. मोरियासू त्या वेळी मैदानावरच होते. पुढे १९९७ मध्ये जपान पहिल्यांदा वर्ल्ड कपसाठी पात्र ठरला, पण तोवर मोरियासूंची राष्ट्रीय संघातली कारकीर्द संपली होती. खेळाडू म्हणून ते वर्ल्ड कप कधीच खेळले नाहीत.

त्या रात्रीकडे नीट पाहिलं तर नशिबापलीकडेही काही दिसतं. जपानला पुढे कसं जायचं ते कळलं होतं. पुढे गेल्यावर शेवटची दोन मिनिटं कशी काढायची, चेंडू कुठे ठेवायचा, कधी वेळ घालवायचा, हे मात्र त्या टीमला माहीत नव्हतं. प्रोफेशनल लीग सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. थोडक्यात, कमी पडला तो अनुभव.

खेळ संपला, शाळा सुरू

१९९४ मध्ये सानफ्रेच्चेने जे-लीगचा पहिला टप्पा जिंकला, पण विजेतेपदाच्या लढतीत वर्दी कावासाकीकडून हार झाली. १९९८ मध्ये मोरियासू क्योतोकडे लोनवर गेले. २००२ आणि २००३ हे शेवटचे दोन सीझन त्यांनी सेंदाईत काढले आणि मग बूट ठेवले.

त्यानंतरची आठ वर्षं बातम्यांत नव्हती. ज्युनियर मुलांना शिकवणं, जपानच्या वयोगटातल्या टीमसोबत सहाय्यक म्हणून काम, हिरोशिमात सहाय्यक, मग आल्बिरेक्स निगातामध्ये सहाय्यक. २०१२ मध्ये सानफ्रेच्चेने त्यांना मुख्य कोच म्हणून बोलावलं. वय ४३. मुख्य कोच म्हणून अनुभव शून्य.

गरीब क्लब, तीन ट्रॉफी

सानफ्रेच्चेचे आधीचे कोच मिहाइलो पेत्रोविच आक्रमक फुटबॉलसाठी प्रसिद्ध होते. टीम सुंदर खेळायची, पण गोलही भरपूर खायची आणि ट्रॉफी काही येत नव्हती. नवा कोच आला की जुनं सगळं मोडून आपलं काहीतरी उभं करतो. मोरियासूंनी तसं केलं नाही. पेत्रोविचची ३-४-२-१ रचना आणि आक्रमणाची पद्धत त्यांनी तशीच ठेवली. बदलला तो बचाव. चेंडू गेला की दोन्ही बाजूचे खेळाडू मागे येऊन पाच जणांची भिंत करायचे आणि पुढे चार जणांची दुसरी ओळ लागायची.

परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. २०१२ मध्ये सानफ्रेच्चेने जे-लीग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच विजेतेपद मिळवलं. स्ट्रायकर हिसातो सातो २२ गोल करून लीगचा टॉप स्कोअरर आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२०१३ मध्ये विजेता शेवटच्या दिवशी ठरायचा होता. योकोहामा एफ. मारिनोस पुढे होते. त्या दिवशी योकोहामा कावासाकीत हरले आणि सानफ्रेच्चेने काशिमाच्या मैदानावर २-० ने जिंकून ट्रॉफी राखली.

हे सगळं चालू असताना क्लबकडे मोठा पैसा नव्हता. दरवर्षी एखादा महत्त्वाचा खेळाडू निघून जायचा. बचावपटू मोरिवाकी, गोलकीपर निशिकावा, फॉरवर्ड इशिहारा हे एकामागून एक उरावा रेड्स या श्रीमंत क्लबकडे गेले. गंमत म्हणजे पेत्रोविचही उरावालाच गेले होते. तरी २०१५ मध्ये तिसरं विजेतेपद आलं. त्या वर्षी गांबा ओसाकाविरुद्धच्या दोन सामन्यांच्या फायनलमध्ये पहिला सामना ३-२ ने जिंकला आणि दुसऱ्यात १-१ बरोबरी झाली. बरोबरीचा तो गोल केला बदली खेळाडू म्हणून आलेल्या २१ वर्षांच्या मुलाने. त्याचं नाव ताकुमा असानो. हे नाव लक्षात ठेवा. त्याच डिसेंबरमध्ये सानफ्रेच्चे क्लब वर्ल्ड कपमध्ये तिसरी आली.

चार वर्षांत तीन विजेतेपदं. तरीही २०१७ मध्ये टीम घसरली, खालच्या डिव्हिजनमध्ये जायची वेळ आली आणि जुलैमध्ये मोरियासूंनी राजीनामा दिला.

रोस्तोव्ह: पुन्हा शेवटचं मिनिट

राजीनाम्यानंतर तीन महिन्यांत जपानच्या फुटबॉल असोसिएशनने त्यांना टोकियो ऑलिम्पिकच्या टीमचे कोच नेमलं. २०१८ च्या रशिया वर्ल्ड कपला ते मुख्य कोच अकिरा निशिनो यांचे सहाय्यक म्हणून गेले.

प्री-क्वार्टर फायनलमध्ये, रोस्तोव्ह शहरात, जपान बेल्जियमविरुद्ध २-० ने पुढे होता. बेल्जियमने बरोबरी केली. इंज्युरी टाइममध्ये जपानला कॉर्नर मिळाला. तो बेल्जियमच्या गोलकीपरच्या हातात गेला आणि त्यानंतर काही सेकंदांत चेंडू दुसऱ्या टोकाला जपानच्या गोलमध्ये होता. ३-२.

दोहात कॉर्नर इराकचा होता, रोस्तोव्हमध्ये जपानचा. दुखणं मात्र तेच, सामना हातात असताना शेवट सांभाळता न येणं. मोरियासूंनी एकदा ते मैदानातून पाहिलं, एकदा बेंचवरून. त्याच महिन्यात त्यांना राष्ट्रीय संघाचे मुख्य कोच करण्यात आलं.

'मोरियासूंना हटवा'

सुरुवात बरी होती. २०१९ च्या एशियन कपमध्ये जपान फायनलला गेला, पण कतारकडून ३-१ ने हरला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये सेमीफायनलला स्पेनने एक्स्ट्रा टाइममध्ये १-० ने हरवलं आणि ब्राँझसाठीच्या सामन्यात मेक्सिकोने ३-१ ने. घरच्या ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर, मेडल नाही.

महिनाभरात वर्ल्ड कपच्या शेवटच्या पात्रता फेरीत जपान घरच्या मैदानावर ओमानकडून ०-१ ने हरला. नंतर चीनला हरवलं, पण लगेच जेद्दात सौदी अरेबियाकडून हार. तीन सामन्यांत दोन पराभव. त्यांना हटवण्याची मागणी करणारे हॅशटॅग जोरात होते. टीका अशी होती की टीम ठरावीक साच्यात खेळते आणि कोच बदल उशिरा करतात.

पुढचा सामना ऑस्ट्रेलियाशी, १२ ऑक्टोबर २०२१, सायतामा. हरलं तर नोकरी जाणार, असंच सगळे धरून चालले होते. राष्ट्रगीत सुरू असताना मोरियासूंच्या डोळ्यांत पाणी दिसलं. त्या दिवशी त्यांनी रचना बदलली. आओ तानाका आणि हिदेमासा मोरिता या दोघांना मिडफिल्डमध्ये आणून ४-३-३ खेळवलं. तानाकाने गोल केला, जपान २-१ ने जिंकला. मार्च २०२२ मध्ये सिडनीत काओरू मितोमाने बदली म्हणून येऊन शेवटच्या मिनिटांत दोन गोल केले आणि जपान कतारच्या वर्ल्ड कपसाठी पात्र ठरला.

जर्मनीविरुद्ध नेमकं काय केलं?

वर्ल्ड कपच्या गटात जर्मनी, स्पेन आणि कोस्टारिका. दोन माजी विश्वविजेते असलेल्या या गटातून जपान पुढे जाईल असं फार थोड्यांना वाटत होतं.

२३ नोव्हेंबर २०२२, दोहाचं खलिफा स्टेडियम. पहिल्या हाफमध्ये जर्मनीने जपानला नाचवलं आणि पेनल्टीवर १-० ची आघाडी घेतली. मध्यंतरात मोरियासूंनी विंगर ताकेफुसा कुबोला काढून बचावपटू ताकेहिरो तोमियासूला आणलं. गोल हवा असताना बचावपटू? पण याने बचाव चारऐवजी तीन जणांचा झाला आणि दोन्ही बाजूचे खेळाडू पुढे सरकू शकले. मग एकामागून एक आक्रमक खेळाडू आले: मितोमा, असानो, रित्सू दोआन, ताकुमी मिनामिनो. ७५ व्या मिनिटाला दोआनने बरोबरी केली. ८३ व्या मिनिटाला लांबून आलेला चेंडू पायाने अलगद थांबवून असानोने अशक्य वाटणाऱ्या कोनातून दुसरा गोल मारला. हो, तोच असानो, २०१५ च्या फायनलचा.

दोन्ही गोल बदली खेळाडूंचे होते. शिवाय दोआन आणि असानो दोघेही जर्मनीतल्याच क्लबकडून खेळत होते. १९९३ ची टीम आणि ही टीम यांत हाच मोठा फरक होता. तेव्हाचे खेळाडू आपल्या देशातच खेळायचे. आताचे बहुतेक युरोपात दर आठवड्याला मोठ्या दबावाचे सामने खेळत होते.

चार दिवसांनी मोरियासूंनी टीममध्ये पाच बदल केले आणि जपान कोस्टारिकाकडून ०-१ ने हरला. कालचा हिरो पुन्हा झीरो. जपानीत याला 'तळहात उलटा करणं' म्हणतात. आपण पारडं फिरलं म्हणतो.

स्पेन आणि ते शेवटचं एक मिनिट

१ डिसेंबर, पुन्हा खलिफा स्टेडियम. स्पेनने ११ व्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरात मोरियासूंनी मितोमा आणि दोआनला एकदम उतरवलं. ४८ व्या मिनिटाला दोआन, ५१ व्या मिनिटाला तानाका. दुसऱ्या गोलआधी मितोमाने रेषेवरून चेंडू आत ढकलला होता. तो पूर्ण बाहेर गेला होता का, हे तपासायला व्हीएआर लागलं. वरून पाहिल्यावर चेंडूची कड रेषेवर होती, जेमतेम काही मिलिमीटर. गोल दिला गेला.

यानंतर चाळीस मिनिटं स्पेनने चेंडू जपानला दिलाच नाही. पूर्ण सामन्यात जपानकडे चेंडूचा ताबा १८ टक्क्यांच्याही आत होता. वर्ल्ड कपमध्ये एवढ्या कमी ताब्यात जिंकणं ही विक्रमी गोष्ट. इंज्युरी टाइमची सात मिनिटंही गेली.

सामन्यानंतर मोरियासूंनी सांगितलं की शेवटचं मिनिटभर उरलं असताना त्यांना १९९३ चं दोहा आठवलं. पण त्याच वेळी समोर त्यांचे खेळाडू मागे न सरकता पुढे जाऊन चेंडू हिसकावायला धावत होते. काळ बदलल्याचं त्यांना तिथे जाणवलं.

जपान गटात पहिला आला, स्पेन दुसरा आणि जर्मनी बाहेर. 'दोहाची शोकांतिका' हे शब्द तीस वर्षं छापणाऱ्या जपानी माध्यमांनी या वेळी लिहिलं, 'दोहाचा जल्लोष'.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमा झाला असता. प्री-क्वार्टर फायनलमध्ये क्रोएशियाविरुद्ध दायझेन माएदाच्या गोलने जपान पुढे गेला, इव्हान पेरिसिचने बरोबरी केली आणि सामना पेनल्टी शूटआउटमध्ये गेला. किक कोण मारणार हे मोरियासूंनी खेळाडूंवर सोडलं. ज्याला मारायची त्याने हात वर करायचा. मिनामिनो, मितोमा आणि कॅप्टन माया योशिदा या तिघांच्या किक क्रोएशियाच्या गोलकीपरने अडवल्या. या निर्णयावर नंतर बरीच टीका झाली. क्वार्टर फायनल जपानने तोवर कधीच गाठली नव्हती आणि या वेळीही चौथ्यांदा त्याच पायरीवर थांबावं लागलं. सुरुवातीला सांगितलेला खोल वाकून केलेला नमस्कार हा याच सामन्यानंतरचा.

जपानने त्यांना का ठेवलं?

जपानमध्ये वर्ल्ड कप संपला की कोच बदलायचा, असाच रिवाज होता. डिसेंबर २०२२ मध्ये असोसिएशनने तो मोडला आणि मोरियासूंचा करार २०२६ पर्यंत वाढवला. वर्ल्ड कपनंतर त्याच पदावर कायम राहिलेले ते जपानचे पहिले कोच.

यामागे एक विचार होता. २००५ मध्ये असोसिएशनने जाहीर केलं होतं की २०५० पर्यंत जपान वर्ल्ड कप जिंकेल. ऐकणाऱ्यांना तेव्हा हसू आलं असेल. पण एवढ्या लांबचं ध्येय ठेवलं की एका पराभवावर माणूस बदलत बसणं परवडत नाही. प्रत्येक स्पर्धेत काय शिकलो ते पुढच्या स्पर्धेपर्यंत टिकवायचं, तर ते लक्षात ठेवणारा माणूसही टिकावा लागतो.

मोरियासूंनी कामाची पद्धतही बदलली. सगळं स्वतः न करता आक्रमण, बचाव अशी कामं सहकाऱ्यांना वाटून दिली. हिरोशी नानामी, माकोतो हासेबे असे जुने नावाजलेले खेळाडू कोचिंग स्टाफमध्ये आले. खेळाडूंचं मत ऐकणं हा तर त्यांचा आधीपासूनचा स्वभाव.

सप्टेंबर २०२३ मध्ये जपानने जर्मनीला त्यांच्याच देशात, वोल्फ्सबुर्गमध्ये ४-१ ने हरवलं. दुसऱ्याच दिवशी जर्मनीने आपले कोच हान्सी फ्लिक यांना काढून टाकलं.

पण जखम पूर्ण भरली असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला एशियन कप पुन्हा कतारमध्येच झाला. गटात इराकने जपानला २-१ ने हरवलं. क्वार्टर फायनलमध्ये इराणने इंज्युरी टाइममध्ये पेनल्टीवर गोल करून २-१ ने बाहेर काढलं. पुन्हा कतार, पुन्हा शेवटचं मिनिट. सामना हातातून जात असताना बेंचवरून अधिक मदत हवी होती, असं मोरिताने उघडपणे सांगितलं. स्वतः निर्णय घेणारे खेळाडू घडवायचे की अडचणीत थेट आदेश द्यायचे, हा मोरियासूंच्या पद्धतीतला खरा पेच इथे दिसतो. क्रोएशियाविरुद्धच्या पेनल्टींमागेही तोच होता.

त्यानंतरच्या पात्रता फेरीत टीम सावरली. २० मार्च २०२५ ला सायतामात बहरीनला २-० ने हरवून जपानने २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळवलं. यजमान देश सोडले तर जगात सगळ्यात आधी. ऑक्टोबरमध्ये टोकियोत ब्राझीलविरुद्ध मध्यंतराला ०-२ असा मागे असलेला जपान ३-२ ने जिंकला. ब्राझीलला जपानने त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बोलिव्हियाविरुद्ध मोरियासूंनी कोच म्हणून १०० वा सामना पूर्ण केला. जपानच्या कुठल्याही कोचने हा आकडा त्याआधी गाठला नव्हता.

२०२६ साठी आपलं लक्ष्य काय, असं विचारल्यावर मोरियासू सांगत आले ते एकच: वर्ल्ड कप जिंकणं. १९९३ मध्ये जपानला नुसतं स्पर्धेत पोचायचं होतं आणि त्याला काही सेकंद कमी पडले होते. त्या टीममध्ये रामोसच्या मागची जागा सांभाळणारा 'पोइची' आता संपूर्ण टीमच्या मागे उभा आहे. हातात वही आहे आणि लक्ष घड्याळाकडे.